सरकारचा नवस

टक्क करून कुठंतरी झाकण वाजलं आणि दुपारची सामसूम मोडली.

दिवाळी उलटून गेली होती, कापूस वेचणीला आला होता, झाडून सारं गाव वावरात होतं. बालवाडी सुटल्यावर घटकाभर भुईला पाठ टेकावी म्हणून रुखमा नुकतीच आडवी झाली होती. मांजर असेल असं समजून तिनं डोळे न उघडताच "हाड" केलं. मांजर काही पळालं नाही. उलट बोटं चाटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कुणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, "खाय बापा, खाय. आखीन एक घास. मायले सांगू नोको."

रुखमा उठून उतरंडीपाशी गेली. उतरंडीच्या आडोशाला तिची सासू जनकाबाई फतकल मारून बसली होती आणि मांडीवर रुखमाचा चार वर्षांचा कचरू. त्याच्या हनुवटीवरून तूप ओघळत होतं, दोन्ही मुठींत गूळ होता आणि पोट असं टम्म फुगलं होतं की करदोटा कातडीत रुतून बसला होता.

"आत्याबाई! आत्ताच तं भाकर खाल्ली त्यानं. काऊन चारून राह्यल्या?"

"काऊन म्हंजे? उद्या लेकरं तोलणार नाहीत का? तूच तं कोतवालाले दवंडी द्याले लावली."

"हाव, तोलणार हायेत. पण त्याच्यासाठी चाराले काय झालं?"

जनकाबाईंनी सुनेकडं असं पाहिलं, की सातवी पास झालेल्या माणसाची कीव कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावं. "जेवढं लेकरू जड, तेवढा गूळ जास्त. एवढं बी नाही शिकवलं का व तुह्या शाळेत?"

"कोणता गूळ?"

"सरकारचा!"

रुखमाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, आणि उजेड पडल्यावर तिनं डोक्यालाच हात लावला.

चूक तिचीच होती. दवंडी सांगताना ती विसरली, की खैरवाडीत लेकरू काट्यावर चढतं ते एकाच कामाला, नवस फेडायला. देवीपुढं तागडी टांगायची, एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ रचायचा आणि पारडी बरोबर झाली की तो गूळ गावाला वाटायचा. याखेरीज लेकराला कुणी तोलत नसे. उगाच तोललं तर नजर लागते, हे तान्ह्या पोरांनाही ठाऊक होतं. त्यामुळं "उद्या सकाळी पारावर सरकार गावातले लेकरं तोलणार होऽऽ" असं जानराव कोतवाल पहाटेच ओरडत गेला, तेव्हा पुढचं त्यानं सांगायची गरजच उरली नाही. गावानं आपलं आपण समजून घेतलं. प्रश्न राहिला तो एवढाच, की सरकारनं नवस कशासाठी बोलला होता?

तोही पारावरच्या म्हाताऱ्यांनी दवंडीचा आवाज विरायच्या आत सोडवून टाकला होता.

"नवं राज्य झालं न महाराष्ट्राचं. तवा बोलला असन. राज्य होऊ दे, लेकरं गुळानं तोलतो म्हून."

"त्याले तं सालं उलटले न बे! एवढा उशीर?"

"सरकारी काम हाय. अर्ज वर जाईन, खाली येईन, मंग कुठी गूळ मंजूर होईन."

यावर सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

खरी गोष्ट अगदी वेगळी होती. मोताळ्याला पंचायत समिती बसल्यापासून या भागात दोन बालवाड्या निघाल्या होत्या, एक खैरवाडीची आणि दुसरी नाल्यापलीकडच्या धामणीची. आता समितीला पुढच्या सालांचा आराखडा करायचा होता. कुठली बालवाडी ठेवायची, कुठली बंद करायची, दुधाच्या भुकटीचे पिंप कुणाला पाठवायचे, हे सगळं त्यात ठरणार होतं. दोन्ही चालवणं समितीला झेपणार नव्हतं. म्हणून मुख्यसेविका सिंधूताई गावोगाव फिरून लेकरांची वजनं घेत होत्या. जिथली लेकरं अशक्त, तिथली बालवाडी राहणार. धामणीचं तोलून झालं होतं. तिथली पोरं अगदीच हलकी भरली, असं मागच्या खेपेला त्या सांगून गेल्या होत्या.

खैरवाडीची पोरंही काही जड नव्हती. पण ती तशी आहेत हे काट्याला समजायला हवं होतं.

रुखमाला बालवाडी म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. बालवाडी नव्हती तेव्हा वेचणीच्या दिवसांत बाया वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून लेकरू तिच्यात टाकत. ते रडू नये म्हणून जिभेवर अफूचा बारीक कण ठेवत आणि वेचायला कापसाची ओळ धरत. कचरू सहा महिन्यांचा असताना त्यालाही तिनं असंच निजवलं होतं. त्या दिवशी ऊन उतरलं तरी तो जागा झाला नाही. तिनं त्याला हलवलं, थोपटलं, तोंडावर पाणी मारलं, आणि बऱ्याच वेळानं त्यानं जांभई दिली तेव्हा तिनं बाभळीची झोळी सोडून टाकली. त्यानंतर तिनं झोळी बांधली नाही. चावडीच्या ओसरीवर चार पोरं गोळा करून गाणी म्हणायला लागली, आणि समितीनं त्यालाच पुढं बालवाडी असं नाव दिलं. आता ओसरीवर पोरांची दाटी होत असे. ती उन्हात आगगाडी करून फिरत, भुकटीचं दूध पीत आणि एकमेकांच्या अंगावर सांडत. दुधावर गावाचा विश्वास बसायला वेळ लागला होता. पहिलं पिंप आलं तेव्हा पुंजाजीनं त्यातली भुकटी चुना समजून भिंतीला फासली होती आणि मुंग्यांनी ती भिंत आठ दिवस सोडली नव्हती.

ते सगळं आता धामणीला जायची वेळ आली होती, आणि तीही गुळाच्या आशेपायी.

दिवस मावळायच्या आत रुखमा घराबाहेर पडली. बाया वावरातून परतत होत्या, कमरेला कापसाची ओटी अजून तशीच. पहिलं घर कौशल्याबाईचं. कौशल्याबाई चुलीपुढं बसून तिच्या भिकाला दूधभात भरवत होती. भिका दोन्ही हातांनी तोंड झाकून घेत होता.

"कौशल्याबाई, बाई व, नको चारू त्याले. उद्या गूळ-बीळ काही नाही. जसं लेकरू हाय तसंच आण. हडकुळं असलं तं बरंच..."

कौशल्याबाईचा हात हवेतच थांबला. "माह्या भिकाले हडकुळा म्हणतं?"

"तुह्या नाही व, मी आपली..."

"चार घरचे लोकं म्हणते, भिका कसा हत्तीसारखा दिसते, अन तू बालवाडीची बाई होऊन त्याले नजर लावतं? भिका, उठ, दाखव तुही मांडी बाईले!"

भिकानं मांडी दाखवली. बगळ्याच्या पायाला मांडी असते तेवढी होती. रुखमाची नजर झटकन चुलीकडं वळली, आणि तेच कौशल्याबाईला जास्त झोंबलं.

"मले समजलं सारं," ती म्हणाली. "सरकारचा गूळ तुह्या घरी उतरला असन. आम्हाले हलके पोरं आणा म्हणायचं, म्हंजे उरलेला गूळ तुह्या उतरंडीत."

पुढच्या घरी हीच गोष्ट, फक्त गुळाची भेली मोठी झालेली. त्याच्या पुढच्या घरी रुखमाच्या नवऱ्यानं गुळाची गाडी बाजारात विकल्याचीही बातमी होती. चौथ्या घराचं दार ती वाजवायला गेली तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं, "ते गूळवाली आली व," आणि ती मागच्या मागं वळली.

घरी शेषराव खाटेवर बसून पायातला काटा काढत होता. तो मोताळ्याच्या बाजारात मापारी होता. कापूस, तूर, ज्वारी, जे येईल ते तोलायचं हा त्याचा धंदा. उद्याची तागडीही तोच धरणार होता. रुखमानं त्याला सगळं सांगितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तो गंभीर झाला आणि पुष्कळ विचार करून म्हणाला, "पण राज्य झालं तवा कोणी तरी नवस बोलला असन का नसन?"

"अहो!"

"बरं, बरं. मी आपला काटा धरीन. काट्याले गूळ बी समजत नाही अन बालवाडी बी."

सकाळी पारावर जत्रा भरली. वेचणी असून एकही बाई वावरात गेली नव्हती. सरपंच रंगरावांच्या कापसाच्या कोठ्यातली मोठी तागडी तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगली होती. पारड्यात घोंगडी अंथरलेली. लेकरं न्हाऊन, काजळ घालून, तीट लावून उभी होती, पण ती नेहमीसारखी पळत नव्हती. ती जपून, पाय फाकवून, पाण्याच्या घागरी डोक्यावर असाव्यात तशी चालत होती. ऊन चढत होतं तरी प्रत्येकाच्या अंगात दोन-दोन सदरे होते. पुंजाजीनं बारा वर्षांच्या पोरीला आणलं होतं, आणि मागं आपल्या म्हाताऱ्या बापालाही.

"हे काय?" कोतवालानं विचारलं.

"हा बी कोणाचं तरी लेकरूच हाय न," पुंजाजी म्हणाला.

रंगराव फेटा बांधून आले होते. त्यांना नवसाशी काही घेणं नव्हतं. आराखड्यात बालवाडीसाठी पक्की इमारत लिहून घ्यायची आणि तिच्यावर वडिलांच्या नावाचा दगड बसवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. दगड त्यांनी आधीच घडवून ठेवला होता. इमारत तेवढी बाकी होती.

सिंधूताई रस्त्यापर्यंत एसटीनं आणि तिथून रंगरावांच्या बैलांच्या दमणीतून आल्या. पुण्याकडच्या, गोऱ्या, चष्मा लावणाऱ्या, आणि प्रत्येक गोष्ट नीट करणाऱ्या. पारावरची गर्दी पाहून त्यांचा चेहरा फुलला. "रुखमाबाई, एवढ्या माता आल्यात! धामणीला मला घरोघर जाऊन बोलवावं लागलं. तुम्ही छान समजावलेलं दिसतंय."

रुखमा हसली. दात दुखत असताना हसावं तशी.

पहिला भिका बसला. शेषरावानं डाव्या हातानं दांडी सावरली, समोर नव्या किलोची वजनं टाकत गेला आणि बाजारात म्हणतो त्याच सुरात त्यानं पुकारा केला, "लाभऽ!" मापारी पहिलं माप एक म्हणून मोजत नाही, लाभ म्हणूनच मोजतो, आणि तो शब्द ऐकून कौशल्याबाईनं समाधानानं पदर सावरला. सिंधूताईंनी वजनं मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाल्या, "अरे वा! उत्तम आहे."

दुसरं लेकरू त्याहून उत्तम निघालं. तिसऱ्याला पारड्यात ठेवताना त्याच्या बापाला कण्हायला झालं. पुंजाजीच्या बापाला मात्र सिंधूताईंनी परत पाठवलं. तो जाताना "मी बी इथलाच होय" म्हणत राहिला.

आणखी काही पोरं झाल्यावर सिंधूताईंनी पेनाला टोपण लावलं. "खरं सांगू का, मला फार आनंद झालाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "एवढी सुदृढ मुलं मी अख्ख्या तालुक्यात पाहिली नाहीत. खैरवाडीच्या मातांचं कौतुक करायला हवं. इथं दुधाची गरजच उरली नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून पिंप धामणीला जातील, आणि बालवाडीही आपण तिकडंच एकत्र करू."

बायांना यातलं 'कौतुक' तेवढं कळलं. त्या एकमेकींकडं पाहून हसल्या आणि गूळ कुठून येतो हे पाहायला माना वळवू लागल्या.

रुखमा तागडीशेजारी उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं चावडीची ओसरी आली, पण पोरांशिवाय. मग बाभळीला टांगलेली झोळी आली. आता बोलायचं म्हणजे सगळ्या गावाला बाहेरच्या बाईपुढं लबाड ठरवायचं, आणि न बोलायचं तर... तिनं शेजारी पाहिलं. रांगेत आता कचरू होता. जनकाबाई त्याच्या सदऱ्याची गुंडी लावत होत्या, आणि गुंडी लागता लागत नव्हती.

रुखमानं पुढं होऊन कचरूला उचललं. उचलल्याबरोबर तिला समजलं. आपल्या लेकराचा भार आईच्या कमरेला पाठ असतो, आणि हा भार काही त्याचा नव्हता. तिनं त्याला पारड्यात ठेवलं. शेषराव वजन टाकणार इतक्यात ती म्हणाली, "थांबा. याचा कडता कापा."

शेषराव गोंधळला. कडता म्हणजे कापसाच्या गाठोड्यात ओल असली, माती असली, सरक्या जास्त असल्या, की मापारी वजनातून जेवढं कापतो तेवढं. "लेकराचा कडता?"

"ओल्या मालाचा कापता का नाही?"

"कापतो न. पण आधी झटकून पाहतो."

"मंग झटका."

शेषरावानं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तेवढ्या अनुभवावर त्यानं ठरवलं की आता विचारण्यात अर्थ नाही. त्यानं कचरूला दोन्ही काखांत धरून वर उचललं आणि कापसाचं गाठोडं झटकतो तसं हलकेच झटकलं.

खण्णकन खलबत्त्यातला लोखंडी बत्ता पारड्यात पडला. त्याच्यामागं कुलपाची किल्ली, मग गूळ, मग पुन्हा गूळ, आणि शेवटी चोळीच्या चिंधीत बांधलेला एक वरवंट्याचा तुकडा, जो जनकाबाई काल संध्याकाळपासून हरवला म्हणत होत्या.

कचरूला उचकी लागली.

"हे काय आहे?" सिंधूताई म्हणाल्या.

"माह्या घरचा कडता हाय, ताई," रुखमा म्हणाली. तिनं बत्ता नि वरवंटा पारड्यातून काढून खाली ठेवले. "लेकरू हलकं हाय माहं. त्याच्या हाडात काही नाही. आता धरा काटा, अन खरं काय ते लिहा."

जनकाबाई पदरात तोंड लपवून खाली बसल्या. पण त्या एकट्या राहिल्या नाहीत. आधी पुंजाजीच्या पोरीच्या कमरेतून किलोचं एक वजन ठणकन पडलं (ते कालपासून रंगरावांच्या कोठ्यात सापडत नव्हतं), मग भिका रडायला लागला आणि रडता रडता त्याच्या सदऱ्यातून भिजवलेले हरभरे गळायला लागले. ते इतके निघाले की कोंबड्या जमा झाल्या.

सिंधूताई लाल झाल्या होत्या. "एवढा वेळ तुम्ही सगळ्या मला... पण का? का केलंत हे?"

"गुळासाठी," कौशल्याबाईनं बेडरपणे सांगून टाकलं. "तुम्ही नवस बोलल्या, तुम्हीच फेडा."

"कसला नवस?"

मग रुखमानं सगळं सांगितलं. देवीची तागडी, दवंडी, नवं राज्य, मंजुरीला लागलेला उशीर, काहीच लपवलं नाही. सिंधूताईंच्या चष्म्याच्या काचा हळूहळू धूसर व्हायला लागल्या. आधी सगळ्यांना वाटलं ताई रडताहेत. मग त्यांनी चष्मा काढला आणि पोट धरून पाराच्या कडेला बसल्या. हसू थांबलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गूळ नाही. कुठंच नाही. पण जिथली मुलं जड, तिथलं दूध बंद होणार, हे मात्र खरं आहे."

हे ऐकून पारावर जे झालं ते रुखमाला आयुष्यभर पुरलं. सगळ्या बाया एकदम आपापल्या लेकरांवर तुटून पडल्या. सदरे निघाले, दुसरे सदरे निघाले, वाळे, करदोटे, कडी निघाली. घटकेपूर्वीची गुटगुटीत पोरं हां हां म्हणता काटकुळी झाली.

"ताई, माह्या भिकाच्या बरगड्या पाहा! मोजून घ्या!" कौशल्याबाई सर्वांच्या पुढं.

"त्याच्याहून माहं पोरगं वाळलेलं हाय. तुहा भिका रोज दूधभात खाते."

"दूधभात? कोण देते? महिना झाला त्यानं दाणा गिळला नाही!"

भिका चकित होऊन आईकडं पाहू लागला. काल रात्रीपासून त्यानं जेवढं गिळलं होतं तेवढं जन्मात गिळलं नव्हतं.

"थांबा, थांबा," सिंधूताई हात जोडून म्हणाल्या. "आज वजनं नकोतच. आज तुमच्या पोरांच्या पोटात काय आहे आणि काय नाही, ते देवालाच ठाऊक. मी पंधरवड्यानं पुन्हा येईन, न सांगता येईन. आज मला एवढंच सांगा, पुढच्या सालांत या बालवाडीचं काय व्हायला हवं?"

रंगराव याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी फेटा सावरला. "पक्की इमारत पाहिजे, ताई. आमच्या वडलांच्या नावानं. दगड तयार हाय."

"इमारत घेऊन काय करू आम्ही?" मागून कुणीतरी म्हणालं. बोलणारी अंबूबाई होती, जिला आजवर चार माणसांत कुणी बोलताना ऐकलं नव्हतं. "बालवाडी सुटते दुपारले. आम्ही वावरातून येतो दिवस बुडताना. मधात पोरं विहिरीकडे जातात. वेचणीच्या दिवसात तरी दिवसभर ठेवा म्हणा."

"अन तान्हे बी घ्या," दुसरी म्हणाली. "मोठी पोरगी इथं येते, मंग धाकटं झोळीत राहते. त्याले..." ती थांबली. काय ठेवतो जिभेवर ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण सगळ्या बायांनी खाली पाहिलं.

"अन तान्ह्यांना कोण पाहणार? रुखमाबाई एकट्या?" सिंधूताईंनी विचारलं.

"आमच्या सासवा काय मेल्या का?" कौशल्याबाई म्हणाली. "घरी बसून सुनांच्या चुगल्या करते, तेच इथं बसून करतीन. मांडीवर लेकरू राहीन तं हात बी रिकामे राहणार नाहीत."

सासवांच्या गोटात कुरबूर झाली, पण जनकाबाईंनी पदरातून तोंड बाहेर काढलं. बत्त्याचा डाग पुसायची ही संधी त्या सोडणार नव्हत्या. "मी बसीन," त्या म्हणाल्या. "माही मांडी मोकळीच असते."

रंगराव हळूच म्हणाले, "अन दगड?"

"दगडावर आम्ही लेकरांचे कपडे धुऊ, सरपंचभाऊ," अंबूबाई म्हणाली. एका दिवसात ती दोनदा बोलली, याची गावात पुढं बरीच चर्चा झाली.

सिंधूताई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी सगळं वर मांडेन. वचन देत नाही. वजनं खरोखर कमी भरली तर ही वेचणी संपेपर्यंत धामणीबरोबर इथलीही बालवाडी राहील आणि दूधही राहील. पुढच्या साली पुन्हा तोलू. ज्या मुलाचं वजन भरलं, त्याचं दूध थांबेल. भरलं नाही, त्याचं चालू. समितीचा नियमच आहे तसा."

त्या उठायला लागल्या तेव्हा जनकाबाई आडव्या आल्या. "अशा कशा जाता? लेकरं काट्यावर चढली. गूळ वाटल्याबिगर उतरली तं नजर लागन त्याइले."

"आजी, पण गूळ सरकारकडे नाही हो."

"सरकारकडे नसन. सरपंचाकडे तं हाय."

साऱ्या बायांनी रंगरावांकडं पाहिलं. त्यांनी आपली इमारत, आपला दगड आणि आपलं हरवलेलं वजन यांचा मनातल्या मनात एकदा विचार केला आणि कोतवालाला घराकडं पिटाळलं. जानराव भेली घेऊन आला. शेषरावानं ती रिकाम्या पारड्यात ठेवली, समोरच्या पारड्याला सगळ्या लेकरांनी एकेक हात लावला आणि नवस फिटला असं जनकाबाईंनी जाहीर केलं. सरकारचा नवस सरपंचाच्या गुळानं फिटला. सिंधूताईंनाही खडा मिळाला. तो त्यांनी आधी पिशवीत ठेवला, आणि मग दमणीत चढता चढता तोंडात टाकला.

बाया अर्ध्या दिवसाच्या वेचणीला पांगल्या. रुखमा चावडीकडं निघाली. ओसरी झाडायची होती, दूध कालवायचं होतं, आणि बालवाडी आजची आज तरी भरायलाच हवी होती. कचरू तिचं बोट धरून चालत होता. आता तो नेहमीसारखा, पिसासारखा हलका चालत होता, आणि ते तिच्या बोटाला कळत होतं. तिला हायसं वाटत होतं. पंधरा दिवसांनी ताई येतील, खरी वजनं घेतील, ती कमी भरतील, बालवाडी राहील. असा विचार करताना आपल्याला आनंद होतोय, हे लक्षात येऊन ती मध्येच थबकली.

"आई."

"काय रे?"

"दूध पेल्यावर मी जड होईन का?"

"हाव. गड्यासारखा होशीन."

"अन जड झालो तं दूध बंद होईन, असं त्या चष्म्यावाल्या बाईनं म्हटलं."

"हाव, म्हटलं तं खरं."

कचरू चार पावलं चालला. मग तिचं बोट ओढून थांबला आणि मान वर करून, अगदी आज्ञेत असल्यासारखं विचारू लागला, "मंग मी जड होऊ का नोको होऊ, आई?"